हॉलमधल्या समुद्राचा ताप

नळी जांभळी झाली होती.

दीपमालानं ती खिडकीच्या उजेडात धरली, मग पांढऱ्या भिंतीपुढं, मग ट्यूबलाइट लावून तिच्याखाली. कुठंही धरा, जांभळी ती जांभळीच. काल संध्याकाळी याच नळीत, याच बाटलीतले थेंब टाकून तिनं याच काचेच्या टँकचं पाणी तपासलं होतं, तेव्हा रंग आला होता धुतलेल्या आभाळाचा. परवाही तोच, त्याच्या आदल्या दिवशीही तोच. आभाळी म्हणजे नायट्राइट शून्य, आणि शून्य म्हणजे मासे आणायला हरकत नाही. त्या रंगाच्या भरवशावर तिनं नवऱ्याला, आनंदराजला, नांदेडला फोन करून सांगितलं होतं, आणा आता. आणि आज सकाळी तो दोन मासे पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन लातूरच्या एसटीत बसलाही होता. लोहा मागं पडल्याचा त्याचा मेसेज नुकताच आला होता, सोबत फोटो. फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन नारंगी ठिपके, अंगावर पांढरे पट्टे, आणि मागं खिडकीबाहेर धावणारं रान.

आता या जांभळ्याचं काय करायचं?

तिनं नळी जारच्या पाण्यानं तीनदा विसळली. कदाचित कालचा थेंब राहिला असेल, कदाचित आपलंच बोट लागलं असेल. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले, झाकण लावून हलवलं आणि नळी उभी करून ठेवली. कॉलेजात बी.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत ती अशीच श्वास धरून रंगाची वाट बघायची, पण तेव्हा रंग चुकला तर फार तर मार्क जायचे. नळीत खालून वर एक लालसर धूर चढला आणि बघता बघता पुन्हा तोच जांभळा.

लातूरच्या घरात, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी तिनं समुद्र करायला घेतला तेव्हा सगळी गल्ली हसली होती. ज्या गावात नळ आठवड्यातनं एकदा सुटतो तिथं ही बाई समुद्र भरून राहिली, असं शेजारची सिंधु तिच्या तोंडावर म्हणाली होती. हसू तिचं तिलाही येत होतं. पण या खटाटोपाचं मूळ हसण्यासारखं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या लेकीनं, बुद्धप्रियानं, दोन गोल्डफिश मागितले. घरात तिला पिऊ म्हणायचे. काचेचं गोल भांडं आलं, मासे आले, पिऊनं त्यांना नावं दिली, आणि आठवडा संपायच्या आत दोन्ही मासे पाण्यावर आडवे झाले. पोर रडली नाही. भांड्याकडं बघत तिनं एवढंच विचारलं, "मम्मी, पाणी तर स्वच्छ होतं ना?" त्यानंतर ती कुठल्याही काचेच्या भांड्याजवळ फिरकेना. दुकानात मासे दिसले की आईचा हात सोडून पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहायची.

दीपमालाला ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. तशी ती मुळातच धास्तीखोर. पिऊ तान्ही असताना झोपेत तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला नाकाशी बोट धरणारी. पाणी डोळ्याला स्वच्छ दिसत होतं आणि त्यातच जीव गेले, म्हणजे डोळ्यावर विसंबून चालणार नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं, आणि वाचायला बसली.

वाचता वाचता तिला कळलं ते असं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, तो माशाला जाळतो. मग पाण्यात आपोआप एका जातीचे जिवाणू धरतात, ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. मग दुसरी जात येते, ती नायट्राइट खाऊन त्याचं जवळजवळ निरुपद्रवी असं काहीतरी करते. या दोन्ही जाती दगडांवर, वाळूवर नीट वसल्या की पाणी तयार. त्याआधी मासा सोडला की गोल्डफिशचं झालं तेच. आणि एवढं सगळं शिकून मग साधे मासे तरी कशाला? दिवाळीत कोकणात गेले होते तेव्हा पिऊ समुद्रापुढून हलत नव्हती. दीपमालानं ठरवलं, आणायचाच तर समुद्र आणायचा.

मग पाण्यात मोजून मीठ पडलं, दगड पडले, आणि जिवाणूंना खायला काहीतरी सडायला हवं म्हणून बाजारातली सुकट एका फडक्यात बांधून टँकमध्ये सोडली गेली. तिच्या सासूबाई, चांगुणाबाई, ते बघून पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. मासे यायच्या आधीच माशाचं कालवण करून ठेवलंस की गं, म्हणाल्या होत्या. पुढं दीपमाला रोज नळी घेऊन बसायला लागली तसं त्यांनी त्या कामाला नाव दिलं, समुद्राचा ताप बघणं. "किती हाय आज ताप?" असं विचारूनच त्या सकाळचा चहा द्यायच्या. नायट्राइट चढत गेलं, नळी गडद जांभळी व्हायला लागली, मग एके दिवशी उतरलं, आणि रंग आभाळी आला. तेव्हा चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, निळा आला म्हणजे चांगलंच झालं की, निळा तर आपलाच रंग.

आज मात्र त्यांनी ताप विचारला नव्हता. कारण आज नळाचा दिवस होता.

दीपमालानं फोन उचलला आणि ठेवला. काय सांगायचं? आधी नीट बघू दे. ती टँकपुढं गुडघ्यावर बसली. दगड जागच्या जागी. फिल्टर चालू. पाण्याचा वास समुद्राचाच. आणि मग तिचं लक्ष काचेच्या वरच्या कडेकडं गेलं. तिथं तिनं काळी चिकटपट्टी लावली होती, पाणी कुठवर हवं त्याची खूण म्हणून. या उन्हात पाणी उडून जायचं आणि मीठ मागं राहायचं. ती घट ती जारच्या पाण्यानं भरून काढायची, पण जारवाला दोन दिवस आला नव्हता, त्यामुळं काल पाणी खुणेच्या चांगलं चार बोटं खाली होतं. वरच्या काचेवर मिठाची पांढरी रेघ धरली होती.

आज रेघ नव्हती. पाणी बरोबर पट्टीला टेकलं होतं. आणि टँकखालच्या चटईवर कळशीच्या बुडाचा ओला गोल उमटला होता.

चांगुणाबाई अंगणात हौदाला शेवटचं झाकण लावत होत्या. पहाटे नळ सुटल्यापासून त्यांच्या पायाला उसंत नव्हती. मुखेडकडच्या खेड्यात त्यांचं अर्धं आयुष्य डोक्यावर पाणी वाहण्यात गेलं होतं, त्यामुळं नळाच्या दिवशी त्यांच्या अंगात वेगळीच हुशारी यायची. नवं पाणी भरण्याआधी हौद रिकामा करून घासायचा, पण त्यातलं उरलेलं शिळं पाणी सांडायचं नाही. अन्नावर पाय पडावा तसं त्यांना सांडलेलं पाणी दिसायचं. ते कूलरमध्ये जाई, डब्यांतल्या झाडांना जाई, अंगण त्यानंच धुतलं जाई. शेवटचा तांब्यासुद्धा कुठंतरी कामाला लागला की मगच त्या नळाला पाइप लावायच्या.

"आत्याबाई, टँकमधी पाणी तुम्ही घातलं?"

"मीच की." चांगुणाबाईंनी ओले हात पदराला पुसले. त्यांच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. "चार बोटं कमी व्हतं. पाव्हणे यायचे आन् आर्धं भांडं पुढं ठिवायचं व्हय? तू झोपली व्हतीस, म्हनलं निजू द्यावं."

"कोणतं पाणी घातलं?"

"हौदाच्या बुडाचं. दोन कळश्या उरलं व्हतं. नवं न्हाई घातलं बाई, भिऊ नको. माशाला काय, शिळं आन् ताजं सारखंच."

दीपमालाच्या ओठांवर रागाचं वाक्य आलंच होतं. ज्या पाण्यासाठी ती महिनाभर थेंब मोजत बसली, त्यात बाईनं हौदाचा गाळ ओतला! पण सासूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळायला लागलेलं दिसलं, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरंच काही चमकलं. हा जांभळा रंग जर कळशीतून आला असेल, तर तो टँकमध्ये जन्मलेला नाही. म्हणजे तिचे जिवाणू मेले नसतील. म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा तेवढा जास्त झालाय.

"काय चुकलं का गं?" चांगुणाबाईंनी हळू विचारलं.

"थांबा," दीपमाला म्हणाली. "ते जुनं पाणी कुठं शिल्लक आहे का?"

हौद तर घासून भरला होता. झाडांनी पिऊन टाकलं होतं. अंगण वाळलंसुद्धा होतं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि दोघींच्या माना एकदमच कूलरकडं वळल्या.

कूलरच्या टबातून दीपमालानं चमचाभर पाणी काढलं. नळीत घेण्याआधी नाकाशी धरलं. नव्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास असतो, याला काहीच नव्हता. आठवडाभर हौदात राहून तो उडून गेला होता. सासूबाईंनी उदार होऊन नळाचं ताजं पाणी ओतलं असतं, तर त्या ब्लीचिंगनं जिवाणूंची सगळी वस्तीच उठली असती. शिळ्यानं वाचवलं होतं.

थेंब पडले. या वेळी वाट बघावीच लागली नाही. नळी वांग्यासारखी गडद झाली.

"ह्याला तर लईच ताप हाय," चांगुणाबाई मागून म्हणाल्या.

"ह्याचाच चढलाय तिकडं." दीपमालाला एकदम हसू फुटलं, आणि लगेच विरलंही. हे पाणी आपण वापरत होतो. पिऊ यानं आंघोळ करत होती. प्यायला जार असतो, ते बरं. हौदाच्या बुडाशी काय सडलं असेल ते सडलं असेल, आज घासला गेला हेही बरं. ते नंतर बघू. आत्ता टँक.

तिनं दुसरी बाटली काढली, अमोनियाची. ही नळी पिवळी राहिली तर शून्य, हिरवी झाली तर वाईट. पहिल्या जातीचे जिवाणू मेले असते तर फडक्यातल्या उरल्यासुरल्या सुकटीनं अमोनिया वर आला असता. नळी पिवळीच राहिली. हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. तिनं मिठाचं मापक बुडवलं. खारेपण काल जरा जास्त दाखवत होतं, आज काटा नेमका हव्या त्या घरात उभा. चार बोटं गोडं पाणी टँकला खरोखरच हवं होतं. सासूबाईंचा हात चुकला नव्हता, कळशी तेवढी चुकली होती.

फोन वाजला.

"दीपा, अहमदपूर आलं," आनंदराज म्हणाला. मागं स्टँडवरचा कालवा ऐकू येत होता. "मासे मस्त हायत. बाजूचे आजोबा इचारून राहिले, हे खायचे का बघायचे."

तिनं त्याला सगळं सांगितलं, एका दमात, जांभळ्यापासून वांग्यापर्यंत. तो म्हणाला, समोरच्या फलाटावर नांदेडची गाडी उभी आहे. दुकानदार दुपारपर्यंत परत घ्यायला तयार आहे, त्यानंतर नाही. इथून पुढं आलो की आलोच, मग पिशवीतलं पाणी आणि तुझा टँक, तिसरी जागा नाही.

"सांग. उतरू का येऊ?"

दीपमालानं खोलीत नजर फिरवली. रंगांचं कार्ड टेबलावर होतं, त्यात जांभळ्या घराखाली धोक्याची लाल रेघ. दाराच्या चौकटीला टेकून पिऊ उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. आत येत नव्हती, जातही नव्हती.

ते कार्ड गोड्या पाण्यालाही तेच आणि खाऱ्यालाही तेच, हे दीपमालाला आठवलं. आणि त्यासोबत महिन्यापूर्वी वाचलेलं आठवलं. नायट्राइट माशाच्या अंगात शिरतं ते कल्ल्यांच्या वाटेनं, आणि त्याच वाटेनं मीठही शिरतं. गोड्या पाण्यात वाट मोकळी, म्हणून थोडं नायट्राइटही मासा मारतं. समुद्राच्या पाण्यात मात्र मिठाची एवढी झुंबड, की टँकरपाशी उशिरा आलेल्या बाईसारखं नायट्राइट रिकामी घागर घेऊन मागंच राहतं. म्हणजे एवढ्याशा जांभळ्यानं हे मासे मरणार नव्हते. जांभळा विचारत होता ते वेगळंच. तुझी दुसरी जात जिवंत आहे का? मला खाऊन टाकायला कुणी आहे का? असेल तर रंग उतरेल. नसेल तर चढेल, आणि मग आज नाही तरी पुढच्या आठवड्यात पिऊ पुन्हा काचेपुढं उभी राहून तेच वाक्य विचारेल.

पहिली जात जिवंत होती, पिवळ्या नळीनं सांगितलं होतं. ब्लीचिंग नव्हतं. दुसरीनं मरायला कारणच काय?

"या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"नक्की?"

"या म्हणते ना. पिशवी उन्हात धरू नका."

तिनं फोन ठेवला. आता रंग उतरलाच पाहिजे होता. लगेच नळी भरायला ती उठली, तर चांगुणाबाईंनी मनगट धरून खाली बसवलं.

"सारखं थर्मामीटर लावल्यानं ताप भिऊन पळतो व्हय? जेव आधी."

ती जेवली, पण काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं. चाकूर आल्याचा मेसेज पडला तेव्हा तिनं घास तसाच ठेवला आणि नळी भरली. रंग आला. तिला वाटलं फिका आहे. मग वाटलं, फिका असावा असं आपल्याला वाटतंय म्हणून फिका दिसतोय. सकाळची नळी तिनं शेजारी ठेवली होती खरी, पण उभी राहून तिचाही रंग बदलला असणार, तिच्यावर विसंबायची सोय नव्हती. सासूबाईंना विचारावं तर त्या सुनेकडं बघून सुनेला हवं ते सांगतील.

"पिऊ," तिनं हाक मारली. "इकडं ये बेटा. मला एक रंग ओळखून दे."

पिऊ चौकटीतून हलली नाही.

"मासे नाहीयेत अजून. नुसती नळी आहे."

पोर आली. टँककडं पाठ करून टेबलापाशी उभी राहिली. दीपमालानं काही सांगितलं नाही, सुचवलं नाही, कार्ड तिच्यापुढं सरकवलं आणि नळी हातात दिली. पिऊनं नळी कार्डाच्या एकेका घरावर ठेवून पाहिली. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं, चित्र रंगवताना येतं तसं. सकाळी दीपमालानं ज्या घरावर बोट ठेवलं होतं त्यावरून ती पुढं गेली. तिथून परत आली, पुन्हा पुढं गेली, आणि आभाळी घराच्या अलीकडच्या घरावर थांबली.

"हे," ती म्हणाली. "पण पूर्ण हे नाही. हे आणि हे, मधलं."

दीपमालानं तिला उचलून घेतलं. पाच वर्षांची पोर आता जड झाली होती, तरी उचललं. दुसरी जात जिवंत होती. जेवून राहिली होती. दोन कळश्यांचं वांगं तिनं अर्धं फस्त केलं होतं. चांगुणाबाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी "उतरला का?" विचारलं आणि सुनेनं मान हलवली तशा त्या सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

आनंदराज आला तो घामानं भिजलेला, शर्टाच्या आत पिशवी धरून, जणू तान्हं मूल आणलंय. रिक्षातसुद्धा त्यानं ती मांडीवरून हलू दिली नव्हती. त्याच्या तोंडून अख्ख्या प्रवासाची हकीकत येत होती, ते आजोबा म्हणे आष्टामोडच्या थांब्यावर उतरताना माशांना टाटा करून गेले. पण कुणाचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. शेवटची नळी टेबलावर उभी होती आणि पिऊ हनुवटी टेबलाला टेकून तिच्याकडं बघत होती.

"आभाळी हाय," तिनं निकाल दिला, आजीच्या भाषेत. "थोडंसं ढग हाय. बारीक."

बारीक ढग चालणार होता. पिशवी टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गरम व्हावं म्हणून. मग दीपमालानं पिशवीचं तोंड उघडून थोडं थोडं टँकचं पाणी आत घातलं, थांबली, पुन्हा घातलं. मासे एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून थरथरत होते. शेवटी तिनं दोन्ही मासे जाळीनं अलगद उचलले आणि टँकमध्ये सोडले.

पहिला तळाशी गेला आणि दगडाच्या मागं दिसेनासा झाला. दुसरा जागच्या जागी हेलकावत राहिला, नारंगी, पांढरा, सगळा उजेड अंगावर घेऊन. मग त्यानंही दगडामागं सूर मारला. फिल्टरची गुरगुर तेवढी ऐकू येत होती.

पिऊ कधी काचेशी गेली ते कुणाला कळलं नाही. तिचं नाक काचेवर चपटं झालं होतं. "बाहेर आला," ती कुजबुजली. "मम्मी, दोघं बाहेर आले."

दीपमाला तिच्या मागं उभी राहून दोघांचे कल्ले मोजत होती. उघडतायत, मिटतायत. उघडतायत, मिटतायत. नाकाशी बोट धरून श्वास बघायची ती सवय कुठं जाते?

मागं चांगुणाबाई पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. पिशवीत नांदेडच्या दुकानाचं पाणी उरलं होतं, गढूळ, माशांनी वाटेत घाण केलेलं. ते टँकमध्ये घालायचं नाही, एवढं सुनेनं बजावलं होतं. त्या कूलरपर्यंत गेल्या आणि थांबल्या. खारं पाणी, कूलर गंजेल. अंगणाकडं वळल्या, झाडांच्या डब्यांपाशी उभ्या राहिल्या. झाडं जळतील. पुन्हा आत आल्या.

"दीपमाला, हे कुठं घालू गं?"

"मोरीत ओता, आत्याबाई."

"ओतू?"

"ओता."

त्या मोरीशी गेल्या. बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज आला नाही. मग आला, एकदम, भस्सकन, तोंड फिरवून ओतल्यासारखा. आणि त्यामागोमाग तिथूनच त्यांचा आवाज आला.

"खाल्लं का गं त्यांनी काई?"